मागचा निळा रंग

"आता मावशीले मंडपातून उचलतो," वाहेद म्हणाला आणि त्यानं माऊस धरून माणिकबाईच्या डोक्यावरच्या पदरापासून कातरायला सुरुवात केली.

माणिकबाई त्याच्या पाठीमागच्या स्टुलावर बसून स्वतःकडेच पाहत होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची माणिकबाई पुतणीच्या लग्नात, बायकांच्या गर्दीत पार शेवटच्या टोकाला उभी होती. पुतणी म्हणजे मैना, दिराची पोरगी. लग्न अंजनगाव सुर्जीला झालं होतं. त्याच फोटोच्या दुसऱ्या टोकाला, पुरुषांच्या रांगेत, तिचा नवरा खुशालराव खुर्चीवर ताठ बसला होता. उभ्या जन्मात नवराबायको एका फोटोत आले ते एवढेच, आणि तेही सगळं गणगोत मधे ठेवून. जोडीनं फोटो काढायचं दर दिवाळीला ठरे. झेंडूचा हंगाम संपू दे, मग जाऊ, असं खुशालराव म्हणे. हंगाम संपत गेले आणि एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन खुशालरावही संपला.

तेव्हा वाहेदनंच त्याला या फोटोतून कापून काढलं होतं आणि मागे निळा रंग भरला होता. अकोल्याच्या जठारपेठेत काय किंवा आसपासच्या खेड्यांत काय, ही रीतच पडून गेली होती. मेलेल्या माणसाच्या मागे आकाशी निळा, खाली एखाददुसरा ढग, डोक्याभोवती उजेडाचं कडं. जिवंत माणसाला लाल पडदा चाले, बगीचा चाले, हौस असेल तर ताजमहालही चाले. निळा मात्र नाही. लोक फोटो हातात घेतला की माणूस ओळखायच्या आधी मागचा रंग बघत आणि आपोआप आवाज खाली करत.

माणिकबाईला ही रीत कोणी शिकवायची गरज नव्हती. वाहेदच्या स्टुडिओच्या पायऱ्यांशीच तिची फुलांची टोपली असे. वरून फ्रेम उतरली की खाली हार तयार. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, पावसाचा भरवसा नव्हता, आणि तेल्हारा-अकोटकडून येऊन पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातात तरण्याताठ्या पोरांचे फोटो असत. कोणाचा लग्नातला, कोणाचा जत्रेतला. वाहेद दिवसभर निळा भरत बसे आणि माणिकबाई दिवसभर झेंडू ओवत बसे. तिचा एकुलता एक मुलगा कुंदन अमरावतीला फवारणीच्या औषधांच्या कंपनीत साहेब होता. त्याचाही माल गावोगाव खपत होता. इतक्या वाईट काळात मायलेकांचे दोन्ही धंदे तेजीत आहेत, असं पेठेतली जिभेला हाड नसलेली माणसं बोलत. खोटं बोलत होती असं नाही.

मयताच्या हाराबद्दल माणिकबाईचा एक नेम होता, सासूकडून आलेला. असा हार फुकट द्यायचा नाही की उधार द्यायचा नाही; फुकटचा हार मेलेल्याला पोचत नाही. घरचंच माणूस गेलं असलं तरी टोपलीत एक रुपया टाकायचा आणि मगच हार उचलायचा. खुशालरावच्या तेरवीला तिनं स्वतः ओवलेल्या हारासाठी स्वतःच्या कनवटीचा रुपया स्वतःच्याच टोपलीत टाकला होता. कोणी हसलं नाही, कारण सगळे रडत होते.

"पन मांगचा रंग कोनता भरू?" वाहेदनं मान वळवून विचारलं.

कुंदन आणि त्याची बायको प्रतीक्षा मागच्या बाकावर बसले होते. कुंदननं अमरावतीला नव्या कॉलनीत घर बांधलं होतं. वैशाखात वास्तुशांत होती. हिवरखेडचा फुलांचा मळा विकला, त्यातून ते घर उभं राहिलं होतं. मळ्याच्या कागदावर माणिकबाईनं अंगठा उठवला तेव्हा कुंदन म्हणाला होता, "घर झालं का तू इकडे ये. लय झालं पायरीवर बसनं." मळा गेल्यापासून ती अकोल्यात भाड्याच्या खोलीत राहून बाजारातल्या विकतच्या फुलांचे हार करत होती आणि वैशाखाची वाट पाहत होती. नव्या हॉलात आईबाबांचे फोटो शेजारी शेजारी लावायचे, म्हणून आज ही सगळी मंडळी स्टुडिओत जमली होती.

"माह्याजवळ मंडपाचा मूळचा लाल हाय सीडीत," वाहेद म्हणाला. "काकाच्या मांगचा निळा काढतो अन् दोघाईच्या मांगं लाल टाकतो. मॅचिंग होऊन जाईन."

माणिकबाईचा चेहरा खुलला. "तसंच कर. एका मंडपात बसव आमाले. अन् जवळ जवळ बसव, मंधातले पाव्हने हाकलून दे."

"लाल नको हो, भाऊ," प्रतीक्षा म्हणाली. "हॉलचे पडदे निळे घेतलेत, सोफाही निळाच आहे. बाबांचा फोटो आहे तसाच छान आहे. आईंचा तेवढा त्याला मॅच करा."

वाहेदनं माऊसवरचा हात काढला. "भाभी, निळा आमी जित्या मानसाले देत नाई."

कुंदन हसला. "अरे, आज नाई त उद्या लागनारच हाय ना. तवा परत अकोल्याले खेप कोन मारीन?"

पेरणीआधी बियाण्याची पिशवी घेऊन ठेवावी, इतक्या सहज तो बोलला. बोललेलं कोणाच्या कानावर पडतंय हे त्याला माहीत होतं. ते मनाला लागेल हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं. वाहेद उगाच कीबोर्डवरची धूळ फुंकू लागला.

शेवटी माणिकबाईच हसली. "कर रे बावा निळा. माह्या पोराची एक खेप वाचून राहिली."

हसली खरी. मग तिनं स्वतःची समजूत घातली. रंगात काय असतं? खुशालरावच्या शेजारी जागा मिळते आहे, आणि ज्या घरात ती भिंत आहे त्या घरात आपण राहणार आहोत. जिवंतपणी स्वतःच्या फोटोखाली बसून चहा पिऊ, आहे काय त्यात!

वाहेद कामाला लागला. खुशालरावच्या फ्रेममधला निळा दोन उन्हाळे खाऊन फिका पडला होता, त्यामुळे ताजा निळा भरून चालणार नव्हतं. त्यानं तो जुना फोटो स्कॅन केला, त्यातला विटका निळा टिपून घेतला आणि माणिकबाईच्या मागे ओतला. मंडप गेला, मैनाची सासू गेली, केळीचे खांब गेले. निळ्यावर एकटी माणिकबाई उरली. तरी दोन फोटो शेजारी ठेवले की तिचा खोटा वाटे, दुसरीकडून आणून चिकटवल्यासारखा.

"कापडाचा उजेड तोंडावर पडला हाय," वाहेद म्हणाला. "गालावर लाली हाय मंडपाची. थे काढल्याबिगर मांगचा रंग बसत नाई."

"मग काढा ना," प्रतीक्षा म्हणाली.

त्यानं थोडी थोडी करत गालांवरची लाली काढली. ओठांवरची काढली. पडद्यावरच्या बाईचा चेहरा राखेसारखा होत गेला आणि जसजसा होत गेला तसतसा मागच्या निळ्याशी जुळत गेला. शेवटी डोक्याभोवती उजेडाचं कडं टाकलं.

"कुंकू राह्यलं," कुंदन म्हणाला. "आता लावत नाई ना थे."

खुशालराव गेला तेव्हा हे कुंकू पुसताना दोघी जावांना तिचे हात धरावे लागले होते. इथे वाहेदनं एक टिचकी मारली आणि ते गेलं.

"आता कसा सेट वाटतो," प्रतीक्षा समाधानानं म्हणाली.

माणिकबाई स्टुलावरून उठली आणि खाली टोपलीतल्या फुलांना ऊन लागतंय, असं सांगून पायऱ्या उतरून गेली.

वास्तुशांतीच्या दिवशी पहिल्या बसनं माणिकबाई अमरावतीला पोचली. दाराखिडक्यांना आंब्याच्या पानांची नि झेंडूची तोरणं आणली होती आणि खुशालरावसाठी एक हार. त्या हाराचा रुपया आदल्या दिवशीच टोपलीत टाकून झाला होता. घर पाहून तिला खरोखर आनंद झाला. फरशी इतकी गुळगुळीत की पाऊल कसं ठेवावं कळेना. हॉलात दोन्ही फोटो शेजारी शेजारी लागले होते. दोघांच्या मागे एकच निळा. कुठे खुशालरावचं आभाळ संपतं आणि कुठे आपलं सुरू होतं, कळू नये असा. वाहेदचा हातच तसा होता. इतकी वर्षं जे जमलं नाही ते जमलं, या विचारानं तिचे डोळे भरून आले.

तिनं नवऱ्याच्या फोटोला हार घातला. प्रतीक्षानं दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"एकाला हार आणि एक बोडका. कसंतरीच दिसतं, नाही?"

"अवं, पन मी जिती हावो ना!" माणिकबाई म्हणाली.

"असू द्या हो आई. फुलंच तर आहेत." उरलेल्या तोरणातलं एक प्रतीक्षानं गाठ मारून माणिकबाईच्या फोटोवर टाकलं. मग मात्र जोडी नीट दिसू लागली.

शुभ दिवशी वाद कशाला, म्हणून माणिकबाई स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबीर निवडत बसली. बसून खायची सवय नव्हतीच; आचाऱ्याला कांदे चिरून दिले, वाट्या पुसून दिल्या, लुगड्यावर हळदीचे डाग पाडून घेतले. मागची खोली तिनं मघाच पाहून ठेवली होती. खिडकी पूर्वेला होती. तिथे खाली चटई टाकून हार ओवायला छान उजेड येईल, असं तिच्या मनात आलं होतं.

दुपारी कुंदनच्या वरच्या साहेबांची बायको आली. कॉलनीत तिचा मोठा दबदबा होता. घरभर फिरून, पडद्यांचं कापड चिमटीत धरून पाहून ती फोटोंपाशी थांबली. हात जोडले आणि आवाज खाली केला.

"सासूसासरे का?"

"हो," प्रतीक्षा म्हणाली.

"दोघंही गेले?"

माणिकबाई पाण्याच्या पेल्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. प्रतीक्षानं एकदा तिच्याकडे पाहिलं. आता 'नाही' म्हणायचं तर जिवंत बाईच्या फोटोला हार का, निळा रंग का, आणि ती बाई हळदीच्या डागांनिशी आचाऱ्याच्या हाताखाली का, हे सगळं सांगत बसावं लागणार होतं. 'हो' म्हणणं सोपं होतं.

"हो. दोघंही."

"अरेरे. काय झालं होतं हो?"

"बाबांना ताप आला होता. आणि आई... त्यांच्या मागोमाग. अटॅक आला."

"किती जीव असेल एकमेकांवर!" साहेबांची बायको हळहळली. ताट पुढे आलं तसं तिनं पेला उचलला आणि देणारीच्या तोंडाकडे पाहिलं. "या कोण? फोटोतल्या बाईंसारखीच चेहरेपट्टी आहे."

"नात्यातल्याच आहेत, लांबच्या. गावाकडून कामाला बोलावलंय."

माणिकबाईनं कुंदनकडे पाहिलं. तो दारातच उभा होता, हातात पूजेचा नारळ घेऊन. त्यानं सगळं ऐकलं होतं. ती थांबली. त्यानं काहीही म्हटलं असतं तरी तिला चाललं असतं. नुसतं "आई" म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुंदननं नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि तो फरशीकडे बघत राहिला.

"पानी घ्या, बाई," माणिकबाई म्हणाली. "थंड हाय."

संध्याकाळी कुंदन तिला मोटारसायकलवर बसस्टँडला घेऊन आला. मोटारसायकल स्टँडवर लावल्यावर त्यानं तोंड उघडलं.

"आई, प्रतीक्षाची जीभ घसरली बघ."

"तिची घसरली. तुही त हाललीच नाई."

"आता माह्या साहेबाच्या बायकोले खोटं कसं पाडनार तू सांग! थे कॉलनीभर सांगत फिरत असन आतापावतर. थोडे दिस तू अकोल्यालेच राह्य. लोक इसरतील, मंग आनतो तुले."

"काय इसरतील? मी मेली थे?"

"तू बी ना," कुंदन वैतागून म्हणाला आणि तिच्यासाठी खिडकीची जागा धरायला बसमध्ये चढला. खिडकीची जागा मात्र त्यानं मिळवून दिली.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई नेहमीच्या पायरीपाशी टोपली मांडून बसली. वाहेद शटर उघडायला आला नि तिला पाहून थबकला. "काऊन मावशी? तुमी त तिकडेच राहनार होत्या ना?"

तिनं ओवता ओवता सांगितलं. रडली नाही, दुसऱ्याच कोणाचं सांगावं तसं सांगितलं. अटॅकचं सांगताना तर थोडं हसलीही. वाहेद पायरीवर बसला.

"अल्ला कसम, माहा हातच झडाले पायजे होता. मीच रंगवलं तुमाले." मग तो उठला. "चाला वर. आत्ताच्या आत्ता दोघाईले लाल मंडपात बसवतो. शेजारी शेजारी. कुंकू बी परत आनतो, लाली बी आनतो. मोठी फ्रेम करून देतो माह्याकडून."

"लावू कोठी बावा?" माणिकबाई म्हणाली. "खोलीचा मालक भिंतीले खिया ठोकू देत नाई."

वाहेद मग वर गेला आणि दुपारपर्यंत खाली उतरला नाही.

मृग आला, पेरण्या झाल्या, काही उलटल्या. स्टुडिओतून निळ्या फ्रेमा उतरत राहिल्या. कुंदनचा फोन एकदा पोळ्याच्या आसपास आला, मग आलाच नाही. लोकांना विसरायला किती दिवस लागतात, हे माणिकबाईनं कोणाला विचारलं नाही. तिच्या अनुभवानं मेलेल्यांना लोक फार लवकर विसरतात. पण तिच्या बाबतीत ते फारच सावकाश चाललं होतं.

पितृपक्ष संपत आला आणि सर्वपित्री अमावस्येला सकाळी कंपनीची जीप पायऱ्यांसमोर थांबली. कुंदन उतरला. अंगानं सुटला होता. टोपलीभोवती गिऱ्हाइकांची झुंबड होती. तो बाजूला उभा राहिला आणि जरा मोकळं होताच वाकून हळूच बोलला. आज त्याच्या तोंडून लहानपणीची हाक निघाली.

"माय, दोन हार पायजे होते."

"दोन?"

"कॉलनीतल्या बाया जेवायले येऊन राहिल्या आज. साहेबाची बायको बी. एकाच फोटोले हार असला त..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "वाईट दिसते ना थे. तुले त समजते."

"समजते," माणिकबाई म्हणाली.

तिनं टपोरा झेंडू निवडून घेतला. मधे शेवंती घातली. आधी एक हार ओवला, मग तो मांडीवर पसरून त्याच्याच मापानं दुसरा. दोऱ्याची गाठ दोन्हीकडे सारखी मारली. फुलाला फूल, रंगाला रंग लावून पाहिला. एकात पिवळं जास्त झालं होतं ते काढून केशरी घातलं. कुंदननं दोनदा घड्याळाकडे पाहिलं. वाहेद वरच्या कठड्याला रेलून सगळं बघत होता.

कुंदनला घरचा नेम ठाऊक होता. त्यानं खिशातून एक रुपया काढला आणि टोपलीत टाकला.

माणिकबाईनं खुशालरावचा हार केळीच्या पानात बांधला आणि त्याच्या हातात दिला. दुसरा तिनं स्वतःच्या हातातच ठेवला.

"दे ना माय. उशीर होऊन राहिला."

"याचा रुपया?"

कुंदनला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि त्याचा चेहरा पडला. तो कसनुसा हसला. "असं काय करतं? हा त तुहाच हाय. तुह्या हाराचा तुलेच काय रुपया देऊ?"

"फुकटचा पोचत नाई," माणिकबाई म्हणाली. "टाक."

आवाजात राग नव्हता. ज्या आवाजात ती रोज परक्यांना सांगे त्याच आवाजात तिनं सांगितलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कुंदननं वर पाहिलं, वाहेदकडे. वाहेदनं तोंड फिरवलं नाही. कुंदननं एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला. मग सुटा रुपया सापडला. तो हातात धरून क्षणभर घुटमळला आणि मग वाकून त्यानं तो टोपलीत टाकला.

माणिकबाईनं दुसरा हार पानात बांधला, वर पाण्याचा हात फिरवला आणि त्याला दिला. "जपून ने. अमरावती येईपावतर सुकन नाईतर."

जीप गेली. तोवर स्टुडिओतून एक म्हातारा छातीशी फ्रेम धरून पायऱ्या उतरत होता. तिनं मागचा रंग पाहिला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.